दुसऱ्यांदा उचललेला माठ

बाबा,

परवा मी पुन्हा तुमचंच उदाहरण दिलं. यवतमाळला नव्या कारकुनांचं प्रशिक्षण होतं आणि कॉलेजात मराठी शिकवणारी बाई म्हणून मला कार्यालयीन भाषेवर बोलायला बोलावलं होतं. जेवणानंतरचा तास, वर पंखे नुसते गरगरताहेत, निम्मा वर्ग डुलक्या घेतोय. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, पेपरात ‘हल्ला’ लिहितात आणि फिर्यादीत ‘हमला’, तर फरक काय? मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि पुढच्या बाकावर पेंगत असलेल्या एका धिप्पाड गड्याच्या डोक्यावर उगारली. तो बाकासकट मागे सरकला. वर्ग खदखदून हसला. मी म्हटलं, याला मी बोटही लावलं नाही, पण कायद्यानं हा हमला झाला. सगळे एकदम जागे झाले. मग पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तुम्ही दर वेळी शेवटी बोलायचात ते, आणि ते काही बाहेर येईना. पाणी प्यायले, विषय बदलला आणि सरळ अनुस्वारांवर गेले. घरी आल्यापासून ते वाक्य तोंडात घोळतंय आणि त्याच्यासोबत तुमचा राग येतोय. माणूस गेल्यावर राग निवतो म्हणतात. माझा तर तुमच्यामागे वाढतच चाललाय, म्हणून लिहायला बसले.

ते उदाहरण आपल्या वस्तीतल्या स्वयंपाकघरातलं. पत्र्याची उतरती पडवी, चुलीजवळ आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही ऑफिसातून येऊन सदरा खिळ्याला अडकवून पाटावर बसला आहात आणि मी तुमच्यासमोर. आपल्या वस्तीतले तुम्ही पहिले कारकून. कोणाचा अर्ज, कोणाचा दाखला, कोणाचं अपील, सगळे तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही कोणाला परत पाठवायचा नाहीत. शब्दांचा तुम्हाला नाद होता. दुसऱ्यांचे बाप पोरींना पाढे विचारायचे, तुम्ही मला शब्द विचारायचात. हमला म्हणजे काय, सांग. मी म्हणे, मारणं. मग तुम्ही आईच्या हातातलं लाटणं घेऊन माझ्या डोक्यावर उगारायचात. मी मान आत ओढून घ्यायची. “भ्याली ना? झाला हमला,” तुम्ही म्हणायचात. “आता मागून उगारलं आन् तुले दिसलंच नाही, तर?” तर नाही, मी म्हणायची. शाबास म्हणून तुम्ही उठायचात, लाटणं उंच धरून वरच्या फळीकडे न्यायचात. “आता म्या हे फळीवर ठेवाले उचललं आन् तू भ्याली. मग?” आईच मध्ये बोलायची, “मंग ते पोट्टी येडी. आना माह्यं लाटणं इकडं.” तुम्ही खूश होऊन हसायचात. म्हणायचात, तुह्या मायले कायदा कळते. मग ते वाक्य, तर्जनी वर करून, पुस्तकी मराठीत: उगारणाऱ्याच्या मनात काय होतं ते आधी बघावं लागतं, मनात मारणं किंवा भीती घालणं नसेल, तर समोरचा कितीही भ्यालेला असो, तो हमला नव्हे.

एवढ्यावर तुम्ही थांबत नव्हता. हा शब्द फारशीतून आला, आधी फौजेचा होता, घोडेस्वार तुटून पडायचे तो हमला. मग फौजा गेल्या आणि शब्द कोर्टात नोकरीला लागला, असं तुम्ही सांगायचात. पेपरात ‘विरोधकांनी सरकारवर हल्ला चढवला’ असं वाचलं की डोळे मोठे करून विचारायचात, कोणाले लागलं का? जंगलाकडच्या गावात वाघानं बाई नेली, तेव्हा ऑफिसातल्या एका नव्या कारकुनानं अहवालात ‘वाघाने हमला केला’ असं लिहिलं. तुम्ही ते खोडून हल्ला केलंत आणि घरी येऊन म्हणालात, वाघाले कोन्तं कलम लावते हा? आणि ‘परचक्र’. तो तुमचा फार आवडता. बाहेरच्या राजानं राज्यावर चाल केली की बखरी लिहिणारे म्हणायचे, परचक्र आलं. मी तो शब्द शाळेत निबंधात घातला होता, आमच्या वर्गावर परचक्र आलं म्हणून, आणि गुरुजींनी खाली लाल रेघ मारली. तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता शाळेत येऊन त्यांना त्याचा अर्थ सांगितलात. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाच्या मुलीला कधीच काही होणार नाही.

मग तो उन्हाळा आला. मी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. वस्तीतला हातपंप नुसता हवा ओढायला लागला. टँकर गावात यायचा, वरच्या आळीत रिकामा व्हायचा आणि आपल्या नाक्यावरून वळून जायचा. आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारी मावशी, सख्खी नव्हे पण आईची सख्खीहून जवळची, दोनदा तुमच्या ऑफिसात, टँकर पाठवणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आली होती. नवरा गेल्यावर ती अंगणवाडीत मदतनीस लागली होती, पोरांना खिचडी शिजवायची, आणि वस्तीतली अर्धी पोरं तिच्याच ओट्यावर जेवायची. तिनंच बायका गोळा केल्या. माठ फोडायचं ठरलं. आपल्याकडे सगळीकडे असंच करतात: रिकामं मडकं डोक्यावर घेऊन ऑफिसापर्यंत जायचं, घोषणा द्यायच्या, आणि मडकं पायरीवर आपटून फोडायचं. खापऱ्या पाहिल्या की साहेबांना तहान कळते, असा हिशोब. आता नवा माठ कोण फोडतं? बायकांनी गेल्या वर्षीचे तडकलेले, कोंबड्यांना अंडी उबवायला ठेवलेले, परसात पालथे पडलेले माठ काढले. आईनं आपला जुना माठ काढला. त्याचं बूड झिरपायचं, म्हणून आदल्या वर्षी तुम्हीच ऑफिसच्या बांधकामावरचं उरलेलं सिमेंट आणून त्याला खालून जाड लेप दिला होता. एवढा जाड की आई म्हणाली होती, माठ केला की उखळ?

त्या सकाळी चहा पिताना तुम्ही आईला म्हणालात, तू नको जाऊ, मी तिथं बसतो, बरं दिसत नाही. आईनं विचारलं, टँकर येत नाही ते बरं दिसते का? तुम्ही कप खाली ठेवून सदरा चढवलात. तुमची अडचण मला तेव्हाही कळत होती, आताही कळते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आम्ही पोरं ऑफिसच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसलो होतो. बायका पायऱ्यांपुढे उभ्या, साहेब वर व्हरांड्यात, त्यांच्यामागे दाराशी तुम्ही, खिशाला दोन पेनं. घोषणा झाल्या. मग माठ फुटायला लागले. एकेक फुटला की आम्ही भिंतीवर टाळ्या पिटायचो. मावशीचा तर हातातून सुटताक्षणी फुटला. आईची पाळी आली. तिनं माठ डोक्यावर नेला आणि पायरीवर आपटला, तो बुडावर पडला, टण्ण आवाज झाला आणि फुटायचं सोडून गडगडत मुरुमात जाऊन उभा राहिला. मग मावशी म्हणाली, “अवं, ह्यो तुह्या नवऱ्यानं बांधला काय?” आणि बायकांमध्ये जो हशा पिकला! शिपाई हसले, भिंतीवरची पोरं हसली. तुम्ही हसलात, बाबा. तोंडावर हात नेलात, पण मी भिंतीवरून पाहिलं, तुमचे खांदे हलत होते. तुमचंच सिमेंट होतं ते.

आई कावरीबावरी झाली होती. सगळ्यांचे फुटले, आपलाच राहिला. तिनं धावत जाऊन तो उचलला, जास्त जोर लागावा म्हणून दोन्ही हातांनी पार डोक्यामागे नेला. नेमके तेव्हा साहेब, हसण्याचा राग येऊन की निवेदन घ्यायला कोण जाणे, पायऱ्या उतरून खाली आले होते. समोर उगारलेला माठ बघून ते मागे सरले, चप्पल सटकली आणि ते पायरीवर बसले. चष्मा खाली पडला. आईनं घाबरून माठ हळूच खाली ठेवला. कोणाला काही लागलं नाही. फक्त हशा अजून सरला नव्हता, आणि आता तो साहेबांवर आहे असं दिसत होतं. बसलेल्या माणसाला तो ऐकू आला. पुढचं सगळं त्या हशामुळे झालं, असं मी आजही मानते. त्यांना मारायला आलेली बाई त्यांनी सहन केली असती, हसणाऱ्या बाया नाही.

दुपारी त्यांनी तुम्हाला फिर्याद लिहायला बसवलं. ऑफिसातलं सगळं महत्त्वाचं तुम्हीच लिहायचात, तुमच्याइतकी भाषा तिथं कोणाची नव्हती. ‘शासकीय कामात अडथळा आणून, मातीचे मडके उगारून अंगावर धावून येऊन हमला केला.’ एकेक शब्द बरोबर. कोर्टात टिकेल असा. बाई कोण, हे साहेबांना सांगता येईना. त्यांनी नुसता माठ बघितला होता, मग चष्मा पडला, वर ऊन, सगळ्या बायका सारख्याच. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुमच्या वस्तीतल्या आहेत ना त्या, तुम्ही बघितलं ना? तुम्ही मावशीचं नाव सांगितलंत. ते नाव साहेबांना लगेच पटलं. केबिनमध्ये येऊन टँकर मागणारी तीच बाई होती.

दिवस मावळायच्या आत जीप येऊन मावशीला घेऊन गेली. आई तिच्यामागे ठाण्यावर गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, तेही एकदाच. ती हवालदारासमोर उभी राहून म्हणाली, माठ म्या उचलला होता, माह्यं नाव लिहा. हवालदार म्हणाला, घरी जा बाई. आई म्हणाली, सगळ्या वस्तीनं पाहिलं आहे, विचारा कोणालाही. तेव्हा त्यानं कागदावरून मान वर केली आणि म्हणाला, “तुमच्या घरच्यानंच नाव देल्लं ना तिचं. तुमच्यापेक्षा त्याले जास्त समजते.” आईला तोवर माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, साहेबाची चूक झाली आहे, सांगितलं की दुरुस्त होईल.

ती परत आली तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता. आरडाओरडा होईल म्हणून मी दाराआड उभी होते. ती काहीच ओरडली नाही. हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि तुमच्यासमोर उभी राहून एखादा शब्द विचारावा तसं विचारलं, “भायेरून आलं त ते परचक्र. घरातूनच आलं त त्याले काय म्हन्ते?” तुम्ही म्हणालात, तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, म्या सांगतलं होतं? त्यानंतर तिनं तुम्हाला कुठल्याच शब्दाचा अर्थ विचारला नाही. संध्याकाळी तुम्ही तिला पेपर वाचून दाखवायचात, तेही बंद झालं. स्वयंपाक केला, कपडे धुतले, तुम्हाला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. पण ती तुमच्या बाजूची राहिली नाही. तुम्हाला ते रोज दिसत होतं आणि तुम्ही रोज ऑफिसला जात होता.

केस रेंगाळली. अंगणवाडीचं काम गुन्हा दाखल झाला तेव्हाच थांबवलं होतं, निकाल लागेपर्यंत म्हणून. मावशी कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जाऊ लागली. आईनं तिच्यासाठी जे जे करता येईल ते केलं आणि मावशीनं त्यातलं निम्मं परत पाठवलं. कोर्टात स्वतःचं नाव सांगायलाही आई तयार होती, पण एकीच्या जागी दोघी कशाला, म्हणून मावशीनं तिला अडवलं. साक्षीचा दिवस आला तेव्हा मी कॉलेजात होते. यवतमाळहून पहाटेच्या एसटीनं आले आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटत होतं, इतकी वर्षं गेली, ते साहेब बदलून गेले, आता तुम्ही सांगाल. तुमच्या आधी ऑफिसचा शिपाई होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, मले आता आठवत नाही साहेब, लई बाया होत्या. सरकारी वकिलानं त्याला फितूर जाहीर केलं. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा लाज नव्हती. मग तुमचं नाव पुकारलं. इस्त्रीचा सदरा, दोन पेनं. मावशीच्या वकिलानं विचारलं, मोर्चात माठ फोडण्यासाठी उचलतात हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत आहे, तुम्ही म्हणालात. मग हा फोडायला उचलला होता की मारायला?

त्या प्रश्नाचं उत्तर जगात तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. माठ दुसऱ्यांदा का उचलावा लागला, त्याच्या बुडाला काय होतं, ते कोणी लावलं होतं. मी मागून तुमच्या मानेकडे पाहत होते. मनातल्या मनात तुमचं वाक्य म्हणत होते, उगारणाऱ्याच्या मनात काय होतं ते आधी बघावं लागतं. तुम्ही वळून पाहिलंत. मी तुम्हाला दिसले, हे नक्की. मग तुम्ही पुढे तोंड केलंत आणि कोर्टाच्या मराठीत म्हणालात, “आरोपीने मडके साहेबांच्या रोखाने उगारले.” एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

पुढे निकाल लागला, शिक्षा कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि थोडा दंड. वकील म्हणाला, सुटलो समजा. मावशी कोर्टातच एका बाकड्यावर बसली. आई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. पट्टेवाला म्हणाला, बाई, तुम्ही जाऊ शकता. आई म्हणाली, माह्यीबी हाये. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं उठवलं नाही. दोघी संध्याकाळपर्यंत मांडीवर हात ठेवून बसल्या, मध्ये एकदा मावशीनं पिशवीतून फुटाणे काढून दोघींनी खाल्ले. तुम्ही बाहेर कडुनिंबाखाली लुना घेऊन उभे होता. कोर्ट उठलं, त्या बाहेर आल्या, तुमच्या समोरून चालत ऑटोपर्यंत गेल्या. मी त्यांच्यासोबत गेले. मदतनिसाची जागा तोवर दुसऱ्या बाईला दिली होती.

यंदा उन्हाळ्यात मावशी माझ्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला मीच तिला यवतमाळला आणलं. भेटल्या की आईचं आणि तिचं बोलणं अजूनही दिवसभर सुरू असतं. एकीला ऐकू कमी येतं, दुसरीला दिसत कमी, दोघी मिळून एक धड बाई होते असं मावशीच म्हणते. एका दुपारी आई झोपली होती आणि मी मावशीच्या डोळ्यात औषध टाकत होते. न विचारताच ती तुमच्याबद्दल बोलायला लागली. तुम्ही रिटायर व्हायच्या आधी एकदा तिच्या ओट्यावर आला होता, हे मला माहीत नव्हतं. उभ्याउभ्याच म्हणालात, आताचे साहेब चांगले आहेत, तू नुसती माफी माग, मी शब्द टाकतो, काम परत मिळेल. मावशी हसली आणि मला म्हणाली, “म्या म्हटलं, भाऊ, माफी मांगाले आधी काही कराव लागते ना.” तुम्ही म्हणे पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर गडू जाग्यावर ठेवलात आणि निघून गेलात.

मी तिला विचारलं, बाबांच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? औषधानं डोळा चुरचुरत होता, तो मिटूनच ती म्हणाली, “तुह्या मायचं नाव म्याबी नसतं देल्लं, पोरी. पण माह्यंबी काहून द्याव? म्हनाचं, वळखू नाही आली. तो शिपाई म्हनला का नाही? पण तुह्या बापाले ते जमत नव्हतं. त्याले सारं दिसलंच पाह्यजे.”

तेव्हापासून मी तुम्हाला त्या टेबलाशी बसलेले पाहते आहे. फिर्याद पूर्ण झाली आहे, वळणदार अक्षर, फक्त नावाची जागा रिकामी. तुमच्या हातून कधी रकाना रिकामा गेला नव्हता. दुसऱ्यांचे अर्ज तपासतानाही तुम्ही तेवढंच बघायचात आणि मोकळी जागा दिसली की चिडायचात. मी इतकी वर्षं समजत होते की तुमच्यासमोर दोन नावं होती, आईचं आणि मावशीचं, आणि तुम्ही कुठल्याही नवऱ्यानं केलं असतं तेच केलंत. त्यावर मी तुम्हाला अर्धी माफी देऊनही टाकली होती. आता कळतं की दोन नावं नव्हतीच. ‘महिला ओळखू आली नाही’ एवढं लिहायचं होतं. आईही वाचली असती, मावशीही. साहेब चिडले असते, तुमच्या हुशारीवर हसले असते, म्हणाले असते, स्वतःच्या वस्तीतली बाई ओळखता येत नाही? तुम्हाला ते हसू नको होतं. एका हशापायी साहेबांनी फिर्याद केली आणि दुसऱ्या हशाच्या भीतीनं तुम्ही नाव दिलंत. मला फसवल्यासारखं वाटतं, बाबा. आईनं तुमच्याशी संसार केला, मावशीनं तुम्हाला भाऊ म्हटलं, वस्तीनं तुमच्यापुढे आपापले कागद ठेवले, आणि मी तर तुमच्या शब्दांवर पोट भरते. तुम्ही आम्हा सगळ्यांना कायदा आपला आहे असं सांगितलंत, आणि पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा आमच्यावरच चालवलात. त्या खोलीत पट्टी उगारून उभी असताना मला ते वाक्य बोलता आलं नाही, कारण ते खोटं आहे म्हणून नव्हे. ते खरं आहे, आणि तुम्हाला पाठ होतं.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि मावशीला किंवा आईला मी वाचून दाखवणार नाही. आत्ताच आई दारातून विचारून गेली, काय लिहून राह्यली? मी म्हटलं, पेपर तपासते आहे. ऐकू न आल्यामुळे तिनं मान हलवली आणि गेली.

एक गोष्ट मात्र तुमच्याशिवाय कोणाला सांगता येण्यासारखी नाही, कारण तिथं आपण दोघंच होतो. त्या दिवशी तुम्ही लवकर घरी आला होता. जीप वस्तीत शिरली तेव्हा मी आईचा पदर घट्ट धरून उभी होते. मी भिंतीवरून सगळं पाहिलं होतं, मला माहीत होतं ती कोणासाठी आली आहे. तुम्ही बाजेवरून न उठता मला जवळ ओढून, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, भिऊ नको, आपल्या घरी नाही येत. जीप आपल्या दारावरून पुढे सरकली आणि शेजारच्या दारात थांबली. आई तिकडे धावली. मग तुम्ही मला आत नेलंत, ताट घेतलंत, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी वाढलंत, पोळी, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल. भिंतीपलीकडून मावशीचा आवाज येत होता, आणि मी पोटभर जेवले. ते जेवण मला गोड लागलं होतं, बाबा.